तांबडी रेघ

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पोटातल्या जिवाणूंवरचा लेख वाचला. आधी एक दुरुस्ती. आपल्या पेशींच्या दसपट जिवाणू अंगात असतात, हा आकडा जुना झाला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे जिवाणू साधारण 38 लाख कोटी आणि आपल्या पेशी 30 लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आत. दही, ताक, आंबील घ्या हा सल्लाही ठीक. पण हे बिऱ्हाड उठवतं कोण, यावर लेखात चकार शब्द नाही. तो मी लिहितो, कारण त्यात माझाही हात आहे. तासगावात माझं मेडिकल आहे, सव्वीस वर्षं झाली.

सर्दी झाली की ‘ती पाचशेची गोळी’, म्हणजे 500 मिलिग्रॅमचं अँटिबायोटिक, मागणारं गिऱ्हाईक रोज येतं. चिठ्ठी नसते. सर्दी विषाणूंची, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, हे मला कॉलेजातच शिकवलंय. पण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मग कात्री घ्यायची आणि तीन गोळ्या कापून द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी आईला कफ झाला. तिचं वय तेव्हा 76. डॉक्टरांना न दाखवता दुकान बंद करून येताना मीच सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी खिशात टाकली. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. त्यावर मी काय द्यावं? ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, म्हणजे आणखी दोन जंतुमारक. दिवसाला बारा-तेरा वेळा जायला लागली, तेव्हा मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि शौचाची तपासणी करायला लावली. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचं (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) विष सापडलं. हा जिवाणू काहींच्या आतड्यात निमूट पडून असतो. शेजार भरलेला आहे तोवर त्याला हातपाय पसरायला जागा मिळत नाही. शेजार मी मारला होता.

उपचारही अँटिबायोटिकचाच, व्हँकोमायसिनचा. ते एरवी शिरेतून देतात. इथे मात्र पोटात द्यायचं, कारण गिळल्यावर ते रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच राहतं. इंजेक्शनची कुपी पाण्यात कालवून दहा दिवस, दर सहा तासांनी पाजली. चव कडूजहर. रात्री दोनच्या डोसला आई म्हणाली, ‘‘दुकानातलं घरात आणत जाऊ नको रे.’’

आमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांना हे समजावून सांगावं लागू नये. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी सोडल्यावर लगोलग बुरशीनाशक मुळाशी ओतायचं नाही, हे त्यांना पाठ आहे. सरसकट कीटकनाशक मारलं की मित्रकीटक मरतात आणि मिलीबग हा किडा बोकाळतो, हेही. तोच माणूस स्वतःच्या पोटाचं निघालं की पंप पाठीला लावूनच काउंटरवर येतो.

कायदा आहे. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही औषधांची यादी लागू झाली. सेफिक्झिमसारखी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. माझ्याकडेही ते आहे. आईच्या पट्टीची नोंद त्यात नाही.

आता मी चिठ्ठीशिवाय देत नाही. गल्ला थोडा उतरलाय, नाकारत नाही. आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत दह्याच्या वाटीऐवजी अँटिबायोटिकच्या पट्टीचा फोटो छापा, त्यावरची उभी तांबडी रेघ नीट दिसेल असा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढाच तिचा अर्थ. परवा एका गिऱ्हाइकाला ती बोट ठेवून दाखवली. म्हणाला, ‘‘हां, मला वाटलं इथनं फाडायचं असतंय.’’

– एक औषधविक्रेता, तासगाव (जि. सांगली)