डॉक्टर मॅडम, तुम्ही बाबांना कामाचं विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबांना तुमच्याकडे आणलं तेव्हा चार पावलं चाललं तरी त्यांना धाप लागायची. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, तरी टीबी धरून सहा महिने गोळ्या झाल्या होत्या. तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत, बाबांचा हात हातात घेऊन फुगलेली नखं पाहिलीत, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलंत. मग विचारलंत, "काका, कामाला कुठे होता? नेमकं काय करायचात?"

बाबा १९७४ पासून गोदीत लॅगर, म्हणजे गरम पाइपांवर उष्णता अडवणारं आवरण (लॅगिंग) चढवणारे. इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, वरून लगदा थापायचा. जहाज दुरुस्तीला आलं की तेच जुनं लॅगिंग कोरडंच खरवडून काढायचं. तोंडाला फक्त रुमाल. "पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो," बाबा सांगत गेले आणि तुम्ही लिहीत गेलात. दोन पानं भरली. तीस वर्षं नोकरी केली, पण इतकं त्यांना कोणीच कधी विचारलं नव्हतं.

मग आईकडे वळलात. "यांचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच. आधी गॅलरीत झटकायचे."

तिचाही एक्स-रे त्याच दिवशी काढायला लावलात. फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे निघाले. चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तुम्ही तिला तीनदा समजावलंत, कारण तिने तीनदा विचारलं.

बाबांना ॲस्बेस्टॉसिस आहे, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या बारीक तंतूंनी फुफ्फुसं कडक झालीत, आणि तो बरा होणार नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत. तंतू फुफ्फुसात रुतले की निघत नाहीत आणि आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. विडी मात्र तुम्ही सोडायला लावलीतच. ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूर असला की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो.

१९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दलही तुमच्याकडूनच कळलं. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवर जपायची. बाबांची नोंद मागितली तर "सापडत नाही" हे उत्तर. भरपाईच्या अर्जाला शेवटी तुमची ती दोन पानं जोडली.

माझा चुलतभाऊ जहाजदुरुस्तीत ठेकेदाराकडे आहे. नवीन ॲस्बेस्टॉस बसवायला २०११ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने सगळ्याच जहाजांवर बंदी आहे, पण जुन्यांच्या पोटात ते अजून आहेच. तुम्ही त्याला बसवून सांगितलंत: आधी भिजवायचं, मग काढायचं, कोरडा झाडू मारायचा नाही, रुमालाने हे तंतू अडत नाहीत, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्कच हवा, कपडे कामावरच उतरवायचे, आंघोळ करूनच घरी यायचं.

परवा त्याने मुकादमाला सांगितलं, पाणी आल्याशिवाय पाइपला हात लावणार नाही. बाकीची पोरंही त्याच्याबरोबर थांबली. तासाभराने पाण्याची नळी आली.

बाबांना हे सांगितलं. नाकातली ऑक्सिजनची नळी नीट करत ते म्हणाले, "मॅडमना कळवलंस का?"

म्हणून कळवतोय.

तुमचा कृतज्ञ,
एका लॅगरचा मुलगा