मडक्यातल्या मधाची इथंच तपासणी व्हायला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्यासाठी ओळखीच्या एकानं बिनडंखाच्या माशीच्या मधाची छोटी बाटली आणून दिली, लेबलवर सरळ छापलेलं ‘सूज उतरते, संधिवात जातो’, आईनं दुसऱ्या दिवशीपासनं डॉक्टरांची गोळीच बंद केली आणि आठवड्यात गुडघा एवढा सुजला की जिना उतरता येईना. म्हणून लिहितोय.

ही माशी आपल्याकडची जुनीच. जेमतेम चार मिलिमीटरची, काळी, मातीच्या भिंतीतल्या भोकात राहणारी, तोंडाशी राळेची बारीक नळी करते, आजोळी आम्ही पोरं ती नळी बघत बसायचो. मध पोळ्यात नाही, मेण आणि राळ कालवून केलेल्या बारक्या मडक्यांत साठवते, आंबटसर आणि पातळ.

त्यात औषधी काही नाही असं माझं म्हणणं नाही. त्या मडक्यांतल्या राळेच्या मिश्रणाला प्रोपोलिस म्हणतात, त्यात फ्लेवोनॉइड नावाची वनस्पतींतली द्रव्यं असतात, प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर सूज वाढवणारे टीएनएफ-अल्फा, आयएल-६ हे शरीरातले घटक त्यानं कमी झालेले दिसलेत. पण माणसांवरच्या चाचण्या फारच थोड्या. आणि मुख्य म्हणजे ती राळ माशी झाडांवरनं आणते, झाड बदललं की प्रोपोलिस बदललं, मग मलेशिया-ब्राझीलच्या जंगलातल्या मधाचे गुण भुदरगडच्या बाटलीवर कसे काय छापता? मलेशियानं या मधासाठी २०१७ मध्ये वेगळं मानक केलं. आपल्याकडं मधात पाणी २० टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम, हा मध मुळातच त्याहून पातळ, मग शुद्ध कुठला आणि पाणी घातलेला कुठला हे गिऱ्हाईकानं ओळखायचं कसं?

भुदरगडातलं पाटगाव सरकारी योजनेत ‘मधाचं गाव’ झालं याचा आम्हाला अभिमान आहे. तिथं सातेरी मधमाशीच्या पेट्यांसोबत ही माशी पण पाळायला शिकवा, केरळात लोक बांबूत, मडक्यात पाळतात. नाहीतर भाव आला की लोक भिंती आणि झाडांच्या ढोल्या फोडत सुटणार, एका घरट्यातनं वर्षाला अर्धा किलो मध मिळायची मारामार, घरटं मात्र कायमचं जातं. शिवाजी विद्यापीठानं राधानगरी, भुदरगडचं प्रोपोलिस गोळा करून तपासावं, आणि तोवर संधिवात जातो असली लेबलं अन्न व औषध प्रशासनानं बाजारातनं उचलावीत.

आईची गोळी परत सुरू केलीय, सूज उतरायला लागलीय.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर