सलाईनच्या आधी बी-१

मा. संपादक,
स. न.

रोज पिणारा माणूस चार दिवस जेवला नाही, उलट्यांनी गळून गेला, की घरचे त्याला दवाखान्यात आणतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा.’ मराठवाड्यातल्या गावोगावी हे चालतं. ती बाटली ग्लुकोजची असेल आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दिलं नसेल तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. तो दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि दारूमुळे आतडं नवं थायमिन नीट शोषत नाही. ग्लुकोज वापरायला मेंदूला तेच लागतं, त्यामुळे सलाईनसोबत उरलंसुरलंही खर्ची पडतं. माणूस बरळतो, त्याला एकाचे दोन दिसतात, पाय फाकवून झोकांड्या खात चालतो. हा वर्निकेचा आजार. तिन्ही लक्षणं एकदम फार थोड्यांत दिसतात. म्हणून ‘अजून उतरली नाही’ असं समजून त्याला झोपवून ठेवलं जातं. पुढे कोर्साकॉफचा विकार जडला की सकाळचं दुपारी आठवत नाही. आठवणीतली भोकं तो मनचं सांगून बुजवतो आणि घरचे त्याला खोटारडा ठरवतात.

नुसता संशय आला तरी शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम थायमिन, दिवसातून तीनदा, ग्लुकोजच्या आधी द्यावं. रक्तातली साखर फार उतरली असेल तर ग्लुकोज अडवू नये, दोन्ही बरोबर द्यावीत. कमरेतलं लाल इंजेक्शन किंवा गोळ्या इथे पुरत नाहीत. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिनही नीट काम करत नाही, तेही तपासावं.

श्रावण लागला किंवा माळ घातली म्हणून एकदम दारू सोडणाऱ्यांचंही सांगायला हवं. सहा-आठ तासांत हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवऋषाकडे नेण्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

पायांची आग, मुंग्या, चप्पल निसटली तरी न कळणं, ही नसा गेल्याची खूण. दारू थांबली तरच त्या थोड्याफार भरून येतात.

लाजेपोटी घरचे पिण्याचं लपवतात आणि इथेच थायमिन राहून जातं. किती वर्षं पितो, रोज किती, शेवटची कधी घेतली, जेवण कधीपासून सुटलं, एवढं सलाईन लागण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

– एक डॉक्टर, परभणी