तिसऱ्या रांगेत न पोचणारा आवाज

ती. स्व. मावशींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय म्हणून तुम्ही रागावणार, हे धरूनच चाललोय. पण सत्कार ठेवला असता तर तुम्ही आला नसता, आणि आला असता तर शाल पुन्हा आमच्याच ट्रंकेत गेली असती. आपल्या कपडेपटात तुमच्या सत्काराच्या तीन शाली आहेत. एक आजोबा झालेल्या नटाच्या खांद्यावर असते, दुसरी मागच्या नाटकात प्रेतावर घातली होती आणि तिसरी इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते. चौथीला जागा नाही. म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात तालीम संपल्यावर चहाचे कप गोळा करता करता तुम्ही म्हणालात, "यंदापासून मी विंगेत बसणार नाही. गुडघे ऐकत नाहीत." आणि त्याच दमात, "चहावाल्याचे ऐंशी रुपये राहिलेत, कुणीतरी द्या." पन्नास वर्षं तुम्ही अशी कपांच्या ट्रेमध्ये ठेवून आत निघून गेलात. आम्ही सगळे उभे. नट माणसं आम्ही. अशा वेळी काय बोलायचं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि अडल्यावर शब्द द्यायचं काम तर तुमचंच.

ज्यांना मावशी माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. मावशी आमच्या हौशी संस्थेच्या प्रॉम्प्टर, म्हणजे रंगमंचाच्या कडेला आडोशाला, विंगेत बसून अडलेल्या नटाला हळूच शब्द देणाऱ्या. शिवाय हिशेब, कपडेपट, वर्गणीची वसुली, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र आणणं, टेम्पोवाल्याशी भांडण, हेही त्यांच्याकडेच. आणि गरज पडली की तोंडाला रंग लावून रंगमंचावर. गरज कायमच पडायची. हौशी नाटकाला बाई मिळत नसे त्या काळात वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या चाळिशीतल्या नटाची आई झाल्या आणि तिथून पुढे आईच राहिल्या. नोकरी टेलिफोन खात्यात, ऑपरेटरची.

मावशी, ही नोकरी मला तुमच्या कामाची किल्ली वाटते. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग ट्रंक कॉलचा, म्हणजे ऑपरेटरने जोडून द्यायच्या परगावच्या फोनचा, तो जमाना. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलणाऱ्या बायका. तुमचा शब्द शेजारणीच्या कामात लुडबुडता कामा नये, पण नागपूरला मात्र स्वच्छ ऐकू गेला पाहिजे. तोच आवाज तुम्ही संध्याकाळी विंगेत घेऊन यायचात. मी बऱ्याच प्रॉम्प्टरांची वाक्यं प्रेक्षकांत बसून ऐकली आहेत, कधीकधी नटाच्या आधी. तुमचा आवाज तिसऱ्याच काय, पहिल्या रांगेतही कधी पोचला नाही. पण दहा फुटांवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नटाच्या कानात तो बरोबर पडायचा.

मी बार्शीहून पुण्याला शिकायला आलो तेव्हा पुरुषोत्तम करंडकात काम करायचं एवढंच डोक्यात होतं. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. भरत नाट्य मंदिराबाहेर गळे फाडून ओरडणारी पोरं म्हणजे पुण्यातला एक ऋतूच. मी चारही वर्षं ओरडणाऱ्यांत होतो. रंगमंचावर कुणी घेतलं नाही, कारण माझ्या बोलण्यात 'करायलंय' आणि 'का बे' यायचं. एका दिग्दर्शकाने तर चांगुलपणाने सांगितलं, "तुला नोकराचं काम देता येईल." तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही माझ्याकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतलंत, नाटक नव्हे. मग म्हणालात, "ण आणि ळ नीट कर. हेल राहू दे, तो तुझ्या आईचा आहे." सदाशिव पेठेत राहणाऱ्या बाईने हे म्हणावं! मी त्या रात्री बसने न जाता चालत खोलीवर गेलो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. दुसऱ्या अंकात माझं दीड पानांचं स्वगत: मेलेल्या बापाची पेटी उघडायची आणि बोलत जायचं. चार वाक्यं झाली आणि पाचवं नाही. नाहीच. समोर भरतचा काळोख, कुणीतरी खोकलं, कुठेतरी खुर्ची करकरली. डाव्या विंगेत तुम्ही स्टुलावर, मांडीवर संहिता, बॅटरीला लाल जिलेटिन गुंडाळलेलं. मी सगळे कान तिकडे लावले. काही नाही. तुम्हाला डुलकी लागली असं वाटलं, आणि मनात तुम्हाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पेटीची गंजकी कडी बोटाला लागली आणि वाक्य आलं. ते ज्या आवाजात आलं तो आवाज महिनाभराच्या तालमीत एकदाही निघाला नव्हता.

रात्री सेट उतरवून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, टेम्पोत चढवताना मी तुम्हाला जाब विचारला. तुम्ही सुतळी गुंडाळत होतात. "विसरलेला माणूस विंगेकडे बघतो. तू पेटीकडे बघत होतास," म्हणालात. आणि मग ट्रंक बोर्डाची गोष्ट सांगितलीत. लाइन तुटली की एक शांतता येते आणि पलीकडचा माणूस रडत असला की दुसरी. नवीन मुलींना फरक कळायचा नाही. त्या "हॅलो, हॅलो" करत राहायच्या, नाहीतर कॉल तोडून मोकळ्या व्हायच्या. एवढं सांगून तुम्ही टेम्पोवाल्याला "त्या दरवाज्याच्या फ्लॅटवर वजनं ठेवू नकोस" म्हणून ओरडायला गेलात. मी तिथेच उभा. माझा बाप जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ते मी संस्थेत कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

त्या दिवशी तुम्ही न दिलेल्या वाक्याबद्दल आभार. एवढं सरळ लिहायला मला नऊ वर्षं लागली.

तुमच्या संहिता मी नंतर चोरून चाळल्या. पेन्सिलीच्या खुणा: उभी रेघ म्हणजे नटाचा थांबा, दोन रेघा म्हणजे लांब थांबा, गोल म्हणजे इथे हा हमखास अडखळतो. माझ्या पानांवर गोलच गोल, नाटकागणिक कमी होत गेलेले. एका जुन्या संहितेत समासात लिहिलंय, "इथे मी चुकले. घाई केली." तिथे एका ज्येष्ठ नटाचा थांबा तुम्ही विसर समजलात, शब्द दिलात, आणि मध्यंतरात त्याने सगळ्यांसमोर तुमचा पाणउतारा केला, असं ऐकलंय. मध्यंतर हा तसाही तुमच्या वाट्याला कधी आलाच नाही. बालगंधर्वला बाकीचे वडे खात असताना तुम्ही दुसऱ्या अंकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, लावत असायचात.

आईच्या भूमिकांचं कौतुक सगळे करतात. मला आठवते ती शेजारीण. चार वाक्यांचं काम: यायचं, उसनी नेलेली वाटी परत द्यायची, जायचं. पहिल्याच प्रयोगात तुम्ही वाटीत साखर घालून आणलीत. संहितेत नव्हतं, दिग्दर्शकाला सांगितलं नव्हतं. रिकामी वाटी परत द्यायची नसते, एवढंच तुमचं म्हणणं. समोरच्या नटीने वाटीत पाहिलं, आणि ज्या घरात चहाला साखर नाही त्या घरातली ती बाई खरोखर गप्प झाली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत आम्ही साखर ठेवली. पहिल्या दिवसासारखं पुन्हा जमलं नाही, हेही खरंच.

१६ डिसेंबर १९७२ ला भरतमध्ये झालेला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग तुम्ही पाहिला आहे. आम्ही पोरं दर वर्षी तुम्हाला त्याबद्दल खोदून विचारतो. आम्हाला त्यातल्या माणसांच्या भिंतीबद्दल, म्हणजे रांगेत उभ्या राहून पडदा झालेल्या नटांबद्दल, ऐकायचं असतं. तुम्ही सांगता काय, तर "एवढ्या माणसांची धोतरं आत कोण मोजत असेल, याचाच मी विचार करत होते."

२०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा संस्था संपली असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही मात्र रोज रात्री आठला सगळ्यांना फोनवर एकत्र जोडून नाटकवाचन सुरू केलंत. "जोडून द्यायचा तर माझा धंदाच," म्हणालात. कुणी म्यूट करायला विसरलं की त्याच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही सगळे मोजायचो. २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने नाट्यगृहं उघडली तेव्हा आमच्याकडे दोन नाटकं तोंडपाठ होती.

एक तक्रारही आहे. श्रेयनामावलीत तुमच्या कामांपुढे तुम्ही कायम 'सर्व सभासद' लिहून घेतलंत. आम्ही ते चालवून घेतलं, कारण सोयीचं होतं. ते बरोबर नव्हतं. यंदाच्या पत्रिकेत तुमचं नाव आहे. छापून झालंय, आता भांडू नका.

बॅटरी आणि स्टूल नव्या मुलीला दिलंय. ती फार पटकन शब्द देते, हे मला कळतंय. तिला तुमच्या पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या, ती म्हणाली, "हे मला मोबाईलवर करता येईल का?" तेव्हा सावकाश कधीतरी तिला घरी बोलवा. ट्रंक बोर्डाची गोष्ट माझ्याकडून नीट सांगून होत नाही.

शनिवारी प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे, पाय लांब करता येतील अशी. रिक्षा साडेपाचला दाराशी येईल. आपलं नाटक तुम्ही समोरून कधीच पाहिलेलं नाही. सेटची मागची बाजू, ठोकलेल्या पट्ट्या आणि आमच्या पाठी, एवढंच तुमच्या वाट्याला आलं. या एकदा पुढे बसायला. मध्यंतरात गरम वडा मिळेल, मी स्वतः आणून देईन.

फक्त तिथून वाक्य देऊ नका.

तुमचा,
बार्शीवाला