फोटोतली ती आई नव्हे, बाप आहे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कमळपक्ष्याचे सुरेख छायाचित्र पाहिले. पाण्यावर पसरलेल्या पानावर उभा पक्षी आणि त्याच्या पंखांखालून लोंबणाऱ्या पिलांच्या लांबच लांब तंगड्या. पटकन पाहणाऱ्याला वाटावे, या पक्ष्याला सहा-आठ पाय आहेत की काय! छायाचित्रकाराला शंभरपैकी शंभर गुण. कॅप्शन मात्र होते, 'मातेच्या कुशीत'. ही माता नव्हे. कमळपक्ष्यांत नर-मादी दिसायला सारखेच, मादी थोडी थोराड, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो हे मान्य. पण मादी अंडी घालून मोकळी होते आणि त्याच हंगामात दुसऱ्या नराशी जोडी जमवते. अंडी उबवायची, पिलांवर नजर ठेवायची, धोका वाटला की त्यांना काखोटीला मारून चालू पडायचे, हा सगळा व्याप नराचा.

एका कॅप्शनसाठी मी पत्र लिहिले नसते. पण पिलू दिसले की 'माया', 'ममता', 'आईचे काळीज' हे ठरलेलेच असते. बापाची आठवण झालीच तर ती सम्राट पेंग्विनपुरती. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात पायांवर अंडे तोलून दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहणारा तो बाप थोरच आहे, पण त्याची गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली आहे.

त्यापेक्षा पखुर्डीकडे पाहा. रखरखीत माळावर आणि वाळवंटात राहणारा हा पक्षी. त्याची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच कोरडे बी टिपू लागतात, उडता मात्र येत नाही आणि पाणवठा असतो कित्येक किलोमीटर दूर. मग नर पाणवठ्यावर जातो, पोटापर्यंत पाण्यात उतरतो आणि अंग वरखाली हलवत पोटाची पिसे भिजवून घेतो. ही पिसे साधी नसतात. त्यांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीचा नर असे सुमारे २५ मिलिलिटर पाणी उचलतो. वाटेत थोडे उडून जाते, उरलेले घेऊन तो पिलांपाशी उतरतो आणि ताठ उभा राहतो. पिले पोटाखाली शिरतात आणि ओली पिसे चोचीत धरून पाणी ओढून घेतात. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकाने पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांमध्ये हा प्रकार पाहून १८९६ मध्ये तो छापला, तर अनेक जाणकारांनी त्यावर विश्वासच ठेवला नाही. केड आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात प्रत्यक्ष पाहून १९६७ मध्ये सविस्तर लिहिले, तेव्हा कुठे शंका फिटली. बापाचे श्रम मान्य व्हायला ७१ वर्षे लागली!

अशी मंडळी आणखी आहेत. एमूचा नर आठ आठवडे अंड्यांवर बसतो आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. चिली-अर्जेंटिनाच्या जंगलातला डार्विनचा बेडूक तर पिले स्वतःच्या गळ्यातल्या स्वरपिशवीत वाढवतो आणि तयार झालेले इवलेसे बेडूक तोंडातून बाहेर सोडतो.

यावर कोणी म्हणेल, ही तर उपजत बुद्धी, यात प्रेम कुठले? आईच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही, हे एक. दुसरे म्हणजे पिलाच्या बाजूने तरी ही ओढ मोजून पाहिलेली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या टीटी माकडांत बाळ बहुतेक वेळ बापाच्याच पाठीवर असते, दूध प्यायचे तेवढे आईकडे जाते. मेंडोझा आणि मेसन या संशोधकांच्या १९८६ च्या प्रयोगात आईला दूर नेल्यापेक्षा बापाला दूर नेल्यावर बाळे जास्त कासावीस झाली, त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरकही वाढले.

अर्थात आता प्रत्येक नराच्या गळ्यात हार घालावा, असे मला म्हणायचे नाही. सस्तन प्राण्यांच्या दहातल्या नऊ जातींत नर पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही. कळपाचा ताबा घेणारा नवा सिंह आधीच्या नराचे छावे मारतो. मादीची अंडी स्वतःच्या पोटावरच्या पिशवीत वाढवतो म्हणून ज्याचे 'गर्भार बाप' असे फार कौतुक होते तो समुद्रघोडा पिले बाहेर पडली की त्यांची काहीच जबाबदारी घेत नाही. पण नियमाला अपवाद निघतातच. २०११ मध्ये रणथंबोरमध्ये एक वाघीण मेली आणि मागे दोन लहान बछड्या राहिल्या. त्या जगणार नाहीत अशीच भीती होती. पण टी-२५ हा नर वाघ त्यांच्यासोबत राहून त्यांना सांभाळताना वन विभागाच्या कॅमेऱ्यांत दिसला. त्या दोघी वाढल्या आणि २०१३ मध्ये सरिस्का अभयारण्यात हलवल्या गेल्या.

म्हणून एक विनंती. पिलांसोबतचा प्राणी नर की मादी, हे छापण्यापूर्वी छायाचित्रकाराला किंवा एखाद्या पक्षिनिरीक्षकाला विचारून घ्यावे. काही वेळा तर चित्रच सांगते. ढोलीच्या चिरेतून आतल्या चोचीत फळ देणारा धनेश हा नर असतो, कारण त्या वेळी मादी आत स्वतःला बंद करून घेऊन बसलेली असते. आणि काहीच कळले नाही, तर 'पिलांसह' एवढा एक शब्द पुरे आहे.

आपली,
एक नियमित वाचक