चिंगीचे टाके

प्रिय मित्रा,

दोन महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, रागावला असशील तर रागाव पण हे वाच. मी बरा आहे, आईचा गुडघा आहे तसाच. आमच्या कुत्रीचं, चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, आज सहावा दिवस.

पहिल्या रात्री भूल पुरती उतरली नव्हती, सारखी कण्हत होती, दोन घास खाल्ले तेही ओकली. असं होतं म्हणून डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तरी मी दर तासाला तिचा ओठ वर करून हिरड्या बघत होतो, गुलाबी आहेत ना, पांढऱ्या पडल्या म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. आता ती ठणठणीत आहे आणि तीच पंचाईत, कारण दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, पळापळ नाही, अंघोळ नाही, शी-शूला सुद्धा पट्टा लावूनच, हे तिला कोण समजावणार! त्यात टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात तो कोन. दाराच्या चौकटीला धडकते नि माझ्याकडे असं बघते की चौकट मीच तिथे आणून ठेवलीये.

परवा जेवणापुरता कोन काढला, फोन वाजला म्हणून वळलो तेवढ्यात बाईसाहेब पलंगावर. संध्याकाळी टाक्यांखाली सुपारीएवढी मऊ गाठ. माझे हातपायच गळाले. डॉक्टर म्हणाले जास्त हालचालीने आत पाणी साठलंय, बहुतेक आपोआप जिरेल, पण लाल झालं, गरम लागलं, पू आला, वास आला तर लगेच घेऊन या. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून बघतो. सात टाके, सातही कोरडे.

पण पू म्हटलं आणि चिंगीच्या आधीची राणीच आठवली रे. तू तेव्हा घसा फोडून सांगत होतास ऑपरेशन करून टाक, आणि मी म्हणे एकदा तरी पिल्लं होऊ देत, त्यावरून आठवडाभर अबोला. माज संपून महिना झाला नि ती नुसती पाणी पीत सुटली, मला वाटलं उन्हाळा आहे. गर्भाशयात पू भरत होता तिच्या. तू नंतर कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीच म्हणतो, तुझं बरोबर होतं.

बदलीचं काय झालं तुझ्या? पोरीचे पेपर कसे गेले? लिही, यावेळी नक्की उत्तर देतो.

आत्ता ती कोनाची कड माझ्या पोटरीला टेकवून झोपलीये, पाय आखडलाय पण हलवत नाही, उठेल. पुढच्या आठवड्यात टाके काढायचेत. येशील का? राणीच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर तूच होतास शेजारी.

तुझाच