परतीची तारीख तीच ठेवली आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगते, मग रागवा. तुमच्या अमेरिकेहून परतीच्या तिकिटाची तारीख बदलायची नाही, असं दादाने आणि मी ठरवलं आहे. भाऊबीज झाली की चौथ्या दिवशी निघायचं. काल विमान कंपनीला फोन करून दोघांसाठी व्हीलचेअरही सांगितली. तिथल्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा नाही. आई, यात दादाला एकट्याला धरू नकोस, आग्रह माझा जास्त होता.

पिल्लाचा पहिला वाढदिवस करून यावं असं तुझ्या मनात आहे, माहीत आहे मला. त्यासाठी खणाचं कापड इथूनच घेऊन गेली होतीस. ते परत आणू नकोस. अंगरखा शिवून ठेव, जरा सैलच शीव, जानेवारीपर्यंत बाळ भरेल. वहिनी तोच घालणार आहे त्या दिवशी, तिने आपणहून सांगितलं मला.

बाबा, तुम्ही म्हणता व्हिसा दहा वर्षांचा आहे. खरं आहे, पण व्हिसा म्हणजे तिथल्या विमानतळावर जाऊन उभं राहायची परवानगी. आत किती राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो. नेवार्कला त्याने शिक्का मारून खाली पेनाने जी तारीख लिहिली, तीच खरी. आय-९४ म्हणजे तिथल्या सरकारकडची तुमच्या प्रवेशाची नोंद, तिच्यातही तीच आहे, मी वेबसाइटवर पाहिली. त्याने ‘परत कधी?’ विचारल्यावर तुम्ही प्लॅस्टिकच्या फाइलमधून छापील तिकीट काढून दाखवलंत. मग जे दाखवलं तसंच वागू या ना. पुढच्या वेळी दारात उभे राहाल तेव्हा मागची नोंद स्वच्छ असलेली बरी.

मुदतवाढ मिळतच नाही असं नाही. आय-५३९ नावाचा अर्ज असतो, ऑनलाइन केला तर ४२० डॉलर फी. मुदत संपायच्या निदान ४५ दिवस आधी करा, असं तिथलं इमिग्रेशन खातंच सांगतं. वेळेत केला तर निकाल लागेपर्यंत थांबता येतं, पण निकालाला महिने लागतात. दादाच्या ओळखीतल्या एका आजी-आजोबांचा निकाल ते नागपूरला घरी पोचल्यावर आला. तोवर त्या आजी रोज टपालपेटी उघडून बघायच्या. तुझं असं झालेलं मला नको आहे, आई. नकार आला तर शिक्क्यावरची तारीख उलटून गेलेली असते आणि हातातलं सगळं टाकून निघावं लागतं. मुदतीपलीकडे राहिलं तर तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्द होतो. मुदत उलटून १८० दिवसांच्या वर गेलं तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं प्रवेश बंद. तिथवर आपण जाणार नाही हो, पण त्या वाटेलाच कशाला जायचं?

आणि मनातलं सांगू? मला शिक्क्यापेक्षा बाबांच्या तब्येतीची धास्ती जास्त आहे. मागच्या रविवारी ‘जिना चढताना मध्ये जरा थांबतो’ असं सहज बोलून गेलात. मी ते विसरलेले नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचा जुना आजार प्रवासी विम्यात बहुतेक धरत नाहीत, आणि तिथला सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, पाहुण्यांसाठी नाही. जानेवारीत बर्फ पडला की तुमचं सकाळचं फिरणंही बंद. शिवाय नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहे. तो मोबाइलवरून देता येतो, पण बँकेत जाऊन सही केल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही.

घराची काळजी नको. परवा डहाणूकरला आपल्या घरी जाऊन आले. बाथरूममध्ये कमोडशेजारी स्टीलचा दांडा बसवून घेतला, घट्ट आहे, मी स्वतः लोंबकळून बघितलं. टाकी धुतली. तुळस छान आहे, अनंताचं झाड मात्र गेलं गं. कामाच्या मावशी आता पोळ्याही करतील. तुम्ही याल त्या सकाळपासून चितळ्यांचं दूध सुरू होईल. बाबांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी ओढली आहे, पेपरवर ऊन येतं तिथे.

बाबा, तुमची बदली पैठणला होती तेव्हा शनिवारी रात्री एसटीने यायचात. आई दटावायची तरी मी झोपायची नाही. जिन्यात तुमच्या चपला वाजल्या की डोळे घट्ट मिटून झोपल्याचं सोंग, म्हणजे तुम्ही उचलून घ्याल. अजूनही घराखालून जाताना मान वर होते आणि गॅलरीत कोणी नसतं.

अमेरिकेला पुन्हा जायचंच आहे. फक्त जेवढं तिथे राहिलात त्याहून जास्त इथे राहून मग. लेखी नियम नाही तसा, पण वरचेवर सहा-सहा महिने राहिलं की माणूस पाहुणा आहे की राहायलाच आलाय, असं अधिकाऱ्याला वाटतं.

आता ऐका. आय-९४ ची नोंद दादाकडून छापून घ्या आणि नाव-जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा, आजच. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. विमानात ते घट्ट मोजे घालायचे, दोघांनीही. परतीचे बोर्डिंग पास टाकू नका, वेळेत निघाल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. बदाम-पिस्ते आणू नका, सगळं मिळतं इथे. आणि आई, निघायच्या दिवशी चतुर्थी असो की एकादशी, उपास करायचा नाही.

तुमची,
छकुली